ताईला डबल कॉर्टेक्स, भाच्याचा मेंदू गुळगुळीत, आणि जीन म्हणे एकच?

धाकटी_पाती

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी ताई ३१ वर्षांची. सातवीत असताना शाळेत प्रार्थनेला उभी होती तशीच आडवी झाली, तिची पहिली आकडी. शिपाईकाकांनी चप्पल हुंगवली. ताई आजही आजार सांगायला बसली की सुरुवात तिथून करते, डोळे उघडले तेव्हा नाकात चामड्याचा वास होता आणि सगळा वर्ग गोल करून बघत होता. सीटी काढला, नॉर्मल. दोन वर्षांनी एमआरआय काढला, तोही नॉर्मल. वयात आली की जाईल म्हणाले, वयात आली, गेलं नाही. गोळ्यांवर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी यायचीच. तरी बी.कॉम. झाली, पतपेढीत लागली, लग्न झालं, तेही सगळं सांगून. लपवलेलं काहीच नाही, हे आधीच लिहून ठेवते कारण इथे कोणीतरी विचारणारच.

आता भाचा. पाच महिन्यांचा असताना झोपेतून उठला की मान खाली टाकायचा आणि दोन्ही हात पुढे आणायचा, सुटला की परत, परत, असं ओळीने दहा-बारा वेळा. ताईच्या सासूबाई म्हणाल्या बघा कसा बाप्पाला जय करतोय. आम्ही व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यावर १७ जणांचे हात जोडलेले इमोजी आले, त्यातला एक माझा. लसीकरणाला गेलो तेव्हा ताईने कौतुकाने तो व्हिडिओ बालरोगतज्ज्ञांना दाखवला आणि त्यांनी लस बाजूला ठेवून त्याच दिवशी ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या तपासणीला, पाठवलं. ते जय करणं नव्हतंच, इन्फंटाइल स्पाझम होते, म्हणजे तान्ह्या बाळांना येणारा आकडीचा एक प्रकार. मग एमआरआय, त्यात लिसेन्सेफली, म्हणजे मेंदूवर वळ्याच नाहीत, वरून गुळगुळीत. आता १४ महिन्यांचा आहे, मान अजून नीट धरत नाही. हसतो मात्र. पंखा लावला की हसतो.

तिथल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी आईलाही फिट येतात हे ऐकलं आणि ताईचा एमआरआय नव्याने करायला लावला, ३ टेस्लाच्या जास्त ताकदीच्या मशीनवर. फिल्म खिडकीच्या काचेला लावून पेनाच्या टोकाने दाखवलं. वरची करडी पट्टी सगळ्यांना असते तशी, तिच्या खाली पांढरा भाग, आणि त्या पांढऱ्यात परत एक करडी पट्टी, दोन्ही बाजूंना. घडीच्या पोळीचा पदर सुटतो ना, अगदी तसं दिसत होतं. डबल कॉर्टेक्स म्हणाले. जीन टेस्टमध्ये दोघांच्या डीसीएक्स जीनमध्ये तंतोतंत तोच बदल निघाला.

आता प्रश्न.
एक, चूक जर तीच आहे तर ताई नोकरी करते आणि बाळाला मान धरता येत नाही, एवढा फरक कसा?
दोन, सासरचे म्हणतात तुझ्या फिटच्या गोळ्यांनी झालं. ताई गरोदरपणात लिव्हेटिरॅसिटामवर होती.
तीन, मी २६ ची, मला आजवर काही झालेलं नाही, घरात स्थळं बघणं चालू आहे. मी टेस्ट करावी का? का झाकली मूठ?

स्पष्टच_बोलतो

वाईट वाटलं वाचून. पण पाच महिन्यांपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सोनोग्राफी केली नव्हती का नऊ महिन्यांत?

धाकटी_पाती

पाच वेळा केली. पाचव्या महिन्यातली मोठी अॅनोमली स्कॅनही. सगळ्या नॉर्मल.

माडाखालचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, पण बहिणीच्या नात्यात हीच केस असल्याने जरा वाचलेलं आहे. सोनोग्राफीवरून कुणाला धारेवर धरू नका. पाचव्या महिन्यात प्रत्येक बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीतच असतो, वळ्या मुख्यतः त्यानंतर पडायला लागतात. जे अजून कुणालाच नसतं ते ह्या बाळाला नाही हे दिसणार कसं? शंका असेल तर नंतरच्या महिन्यात फीटल एमआरआय, म्हणजे पोटातल्या बाळाचा एमआरआय, करतात, पण शंका यायला आधी काही कारण तरी लागतं.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे कोकणात माडावर चढणारा पाडेली बघितलाय का कुणी? पायात दोरीचा फास, खोडाला विळखा, सरसर वर. मेंदूच्या पेशींचं असंच आहे. त्या जन्मतात खोल आत, पाण्याच्या पोकळ्या असतात तिथे. तिथून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत लांबलचक धागे ताणलेले असतात, त्या धाग्यांवरून ह्या पेशी चढत जातात, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ही चढाई जोरात असते. आणि गंमत म्हणजे मागून आलेली पेशी आधीच्यांना ओलांडून आणखी वर जाऊन बसते. डीसीएक्स जीनपासून डबलकॉर्टिन नावाचं प्रोटीन बनतं, ते पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना घट्ट धरून ठेवतं. तोच पाडेल्याचा फास समजा. फास सैल, तर माणूस अर्ध्या माडावर अडकला.

हा जीन आहे एक्स क्रोमोझोमवर आणि सगळी मेख तिथे आहे. मुलाकडे एक्स एकच. तोच बिघडलेला, म्हणजे झाडून सगळे पाडेली सैल फासाचे, सगळे वाटेत अडकणार, वर नीट थर बनणारच नाहीत आणि वळ्याही नाहीत. मुलीकडे एक्स दोन असतात, पण प्रत्येक पेशी त्यातला एकच चालू ठेवते, दुसऱ्याला कुलूप लावते. कुठल्याला लावायचं हे गर्भ अगदी लहान असताना त्या त्या पेशीत नशिबाने ठरतं आणि तिच्यापासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी तेच कुलूप पुढे चालवतात. म्हणजे ताईंच्या मेंदूत साधारण अर्ध्या पेशींचा फास घट्ट होता, त्या वर पोचल्या आणि त्यांनी बऱ्यापैकी नॉर्मल मेंदू बांधला, उरलेल्या अर्ध्या वाटेत बसल्या. खिडकीपाशी जी दुसरी पट्टी दिसली ती हीच अर्ध्यावर बसलेली मंडळी.

तिरंगी_मनी

डॉक्टर, हे म्हणजे आमच्या मनीचं झालं! पांढऱ्यावर काळे-नारिंगी ठिपके असलेली मांजर बहुतेक वेळा मादीच असते त्याचं कारण हेच ना? नारिंगी रंगाचा जीन एक्सवर, कुठल्या ठिपक्यात कुठला एक्स चालू ते नशिबावर.

माडाखालचा_डॉक्टर

बरोब्बर तेच. मेरी लायन नावाच्या बाईंनी १९६१ मध्ये हे मांडलं, ते उंदरांच्या ठिपक्यांवरून. डीसीएक्स सापडला १९९८ मध्ये. मधे ३७ वर्षं गेली आणि तेव्हा कळलं की बाईच्या मेंदूतही ठिपके असू शकतात.

आजोबा_६२

ह्या सगळ्या इंग्रजी भानगडीत पडू नका. आमच्या गावी एकाला फेफरं यायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचे, ब्राह्मी आणि वेखंड चालू ठेवलं, तीन वर्षांत बंद. बाळाची दृष्टही काढून बघा.

धाकटी_पाती

आजोबा, दृष्ट पहिल्याच दिवशी काढून झाली, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतंय. पण कांदा नको. आकडी दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि तेव्हा नाकाशी कांदा असला तर श्रेय कांद्याला. ताईच्या केसमध्ये चपलेला मिळालं होतं. आम्ही तिला फक्त कुशीवर वळवतो, घड्याळ लावतो, तोंडात काही घालत नाही, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना.

क्ष_किरण

रेडिओलॉजीत आहे म्हणून दोन गोष्टी. ताईंचा जुना एमआरआय नॉर्मल म्हणून गेला ह्याचं मला अजिबात नवल वाटत नाही. आम्ही फिल्म बघताना डावी-उजवी तुलना करत असतो, एका बाजूला काही वेगळं असलं की खटकतं. ही पट्टी दोन्ही बाजूंना सारखी, त्यात पातळ असली आणि स्लाइस (एमआरआयमध्ये मेंदूचे दिसणारे काप) जाड असले तर नजर घसरून जाते. म्हणून रेफरन्समध्ये नुसतं डोकेदुखी-चक्कर न लिहिता एपिलेप्सी प्रोटोकॉल असं लिहून आणा, पातळ स्लाइस घेतले जातात.

दुसरी गोष्ट, सगळ्या लिसेन्सेफली एक्सवरच्या नसतात. एलआयएस१ नावाचा जीन १७ नंबरच्या क्रोमोझोमवर आहे, तिथे मुलगा-मुलगी भेद नाही, दोघांना सारखाच फटका. फिल्मवर ओळखायची एक खूण म्हणजे गुळगुळीतपणा डोक्याच्या मागच्या भागात जास्त असेल तर आधी एलआयएस१ चा संशय, पुढे कपाळाकडे जास्त असेल तर डीसीएक्स. तुमच्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये समोर जास्त असं असेल बघा.

धाकटी_पाती

आत्ता फाइल काढून बघितली. आहे. पुढच्या बाजूला अधिक असंच लिहिलंय. आम्ही ती ओळ पन्नास वेळा वाचली होती आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

गाठोडं

मी हा धागा तीन दिवस वाचून सोडून देत होते, आज लिहिते.

माझ्या आजाराचं नाव वेगळं, दुखणं ह्याच्या शेजारचं. मला १९ व्या वर्षी सेकंड इयरच्या ओरलला एक्झामिनरसमोर फिट आली. एमआरआय रिपोर्टवर नोड्यूल शब्द होता, बाबांनी त्याचं मराठी केलं गाठी, आणि दोन दिवस आमच्या घरी मी कॅन्सरने जाणार असं वातावरण होतं, मावशी तर गाडीत बसली पण होती. प्रत्यक्षात त्या गाठी म्हणजे कॅन्सर-बिन्सर काही नाही, साध्या मेंदूच्याच पेशी, फक्त चढायला निघाल्याच नाहीत, पोकळीच्या भिंतीलाच चिकटून बसल्या. डॉक्टरांच्या भाषेत पाडेली माडाखालीच बिडी ओढत बसले. ह्याचा जीन फिलॅमिन ए, हाही एक्सवर, हाही १९९८ मध्येच सापडला.

ह्यात मुलगा-मुलगी फरक आणखी क्रूर आहे. जीन पुरता बिघडलेला असेल तर मुलगे बहुतेक पोटातच जातात नाहीतर जन्मल्यावर लवकर. म्हणून ह्या आजाराच्या पेशंट बघाल तर बायकाच बायका, आणि फॅमिली ट्री काढायला बसवलं की प्रत्येक पिढीत पडलेले गर्भ. माझ्या आजीचे चार गेले. ती आयुष्यभर कुठल्या कुठल्या देवाला नवस बोलत राहिली. माझे दोन गेले, ते मुलगेच होते का हे मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

बुद्धीला साधारणपणे काही होत नाही, पण वाचायचा स्पीड कमी असतो बऱ्याच जणींचा. मला शाळेत उतारा मोठ्याने वाचायला उभं केलं की घाम फुटायचा, बाई म्हणायच्या घरी पेपर वाचत जा. मी इंजिनियर आहे आणि आजही हा धागा वाचायला मला तुमच्या दुप्पट वेळ लागलाय.

आणि कुणाला हा फिलॅमिनवाला प्रकार निघाला तर हृदयाची टूडी इको करून घ्या, झडपा आणि महाधमनीत दोष असू शकतो. मला सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, फिटचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, मधे मी.

अनुस्वार

@गाठोडं, काय लिहिलंय. आयडी आत्ता कळला.

स्पष्टच_बोलतो

सहानुभूती आहेच पण व्यावहारिक बोलायचं तर असं घराण्यात असेल तर समोरच्या मुलाच्या घरच्यांना सांगायला नको का? आणि कायद्याने असं लग्न टिकतं का मुळात? अपस्मार असेल तर लग्न रद्द होतं असं ऐकून आहे.

वकिली_चहा

जुनं ऐकलंय तुम्ही. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता, १९९९ च्या दुरुस्तीत तो शब्द काढला, स्पेशल मॅरेज अॅक्टमधूनही काढला. नुसती आकडी येते म्हणून लग्न अवैध ठरत नाही. लपवून फसवलं का हा वाद वेगळा आणि तो प्रत्येक केसच्या पुराव्यावर जातो, म्हणून माझा सगळ्यांना सल्ला की सांगा, आणि शक्यतो लेखी सांगा, व्हॉट्सअॅप चालेल.

आणि घराण्यात असेल तर म्हणताना तुम्ही फक्त मुलीचं घराणं धरलंत हे लक्षात आलं का?

माडाखालचा_डॉक्टर

गोळ्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. नाही, लिव्हेटिरॅसिटामने मेंदू गुळगुळीत होत नाही. बदल जीनमध्ये आहे आणि तोच बदल आईत आहे, रिपोर्टच सांगतोय, तो कागद सासरच्यांपुढे ठेवा. गर्भाला खरी भीती असते ती व्हॅल्प्रोएट ह्या फिटच्या दुसऱ्या औषधाची, त्यात साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार बाळांत वाढीचे, शिकण्याचे प्रश्न दिसतात. म्हणून मुलगी वयात आली की व्हॅल्प्रोएट चालू असेल तर न्यूरोलॉजिस्टशी बोलायचंच, पण मनाने बंद करायचं नाही, एकदम बंद केलेली गोळी त्याहून वाईट.

आता @धाकटी_पाती तुमचं. ताईंमध्ये हा बदल आईकडून आला असेल किंवा ताईंपासून नव्यानेच सुरू झाला असेल. वडिलांकडून येणं फार विरळ, कारण सगळ्या पेशीत हा बदल असलेला पुरुष स्वतःच तुमच्या भाच्यासारखा असता. काही पुरुषांत थोड्याच पेशीत बदल असतो, त्यांना बायकांसारखी पट्टी दिसते, पण ते अपवाद. आईत असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. आणि तुम्हाला कधी फिट आली नाही ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कुलूप लावण्याच्या लॉटरीत चांगला एक्स जास्त पेशींत चालू राहिला तर बाईला काहीच जाणवत नाही असंही होतं, आणि तिचा मुलगा मात्र पूर्ण बाधित.

म्हणून आधी आईची टेस्ट. बदल कुठला ते माहीत आहे त्यामुळे अख्खा जीन वाचायची गरज नाही, तेवढीच जागा बघतात, खर्चही त्यामानाने कमी. मधे जेनेटिक काउन्सेलर घ्या, त्याशिवाय रिपोर्ट हातात घेऊ नका. आईचं रक्त निगेटिव्ह आलं तरी बीजांडात बदल असू शकतो, म्हणून मग तुमचीही करून मोकळं व्हा.

तिरंगी_मनी

पण पुढे मूल हवं असेल तर? मुलगा की मुलगी ह्यावर एवढं अवलंबून आहे आणि आपल्याकडे ते विचारणंच गुन्हा.

वकिली_चहा

लिंग सांगणं गुन्हाच आहे आणि असावाच. पण त्याच पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या, कायद्यात जनुकीय तपासणी कुठल्या कारणांसाठी करता येते त्याची यादी आहे, त्यात लिंगाशी निगडित आनुवंशिक आजार आहेत. नोंदणीकृत केंद्रात, कागदपत्रं करून. चोरून काही करायची वेळ येत नाही.

माडाखालचा_डॉक्टर

अनुमोदन. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण घेऊन बघता येतं, किंवा आयव्हीएफ करून भ्रूण आधीच तपासतात. आणि मुलगी म्हणजे सुटलो असं नाही हं. ताईंना महिन्याला आकडी येतेच आहे, काही मुलींची पट्टी जाड असते आणि त्यांना शिकायलाही त्रास होतो.

क्ष_किरण

आणि ती पट्टी कापून टाका असा सल्ला कुणी दिला तर दुसरं मत घ्या. त्या पेशी मेलेल्या नाहीत, फंक्शनल एमआरआयवर (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते त्यात दिसतं) बोटं हलवताना ती पट्टीही उजळलेली दिसली आहे काही पेशंटमध्ये. त्यामुळे कापून फारसा फायदा होत नाही.

अनुस्वार

दीड महिना झाला, धागा वर काढतोय. @धाकटी_पाती काय झालं पुढे? बाळ कसंय?

धाकटी_पाती

आले आले. सगळ्यांची उत्तरं ताईला वाचून दाखवली होती, जीनचा कागद भावजींनी स्वतःच त्यांच्या आईपुढे ठेवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण आता मालिशला रोज त्याच बसतात. बाळाचे ते झटके इंजेक्शनच्या कोर्सने बरेच कमी झालेत, फिजिओ चालू आहे.

आईचं सांगते. आई तयारच नव्हती, मला कुठे काय होतंय म्हणून. शेवटी ताई म्हणाली माझ्यासाठी चल. एमआरआयच्या दारात सगळा धातू काढा म्हणाले, तर आईने ३४ वर्षांत मंगळसूत्र उतरवलेलं नाही, तिथेच अडून बसली. टेक्निशियन मुलगी हुशार, म्हणाली काकू थांबा, आणि कुठूनतरी दोरा आणून दिला, आईने पर्समधल्या पुडीतली हळद त्याला लावून गळ्यात बांधला आणि मग आत गेली. मंगळसूत्र माझ्या मुठीत, चाळीस मिनिटं.

पट्टी आहे. अगदी पातळ, फक्त पुढच्या बाजूला. रक्तातही तोच बदल आला.

मग न्यूरोच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, कधी आकडी? नाही. कधी बेशुद्ध? नाही. कधी बोलता बोलता हरवल्यासारखं, तंद्री? आई नाही म्हणणार तेवढ्यात बाबा म्हणाले, दूध. आमच्या घरी दूध कायम उतू जातं. आई गॅससमोर उभी असते, डोळे उघडे, ओठ जरा चावल्यासारखे हलतात, दूध वर येतं, ओट्यावरून खाली येतं, आणि मग ती दचकून फडकं घेते. लहानपणापासून आम्ही हसत आलोय ह्यावर. बाबा ओरडायचे, लक्ष कुठे असतं तुझं. आजी म्हणायची वेंधळीच आणली. डॉक्टरांनी चोवीस तासांचा ईईजी लावला, त्यात दोनदा पकडलं. ५४ व्या वर्षी आईची गोळी सुरू झाली, छोट्या डोसने.

घरी आल्यावर बाबा दोन दिवस काही बोलत नव्हते. आता सकाळचं दूध तेच तापवतात, परवा त्यांच्याकडूनही उतू गेलं, ते पेपर वाचत होते म्हणून.

माझं रक्त मंगळवारी दिलंय. तीन आठवडे सांगितलेत. एक स्थळ आलं होतं, त्यांना मीच फोन करून सांगितलं की रिपोर्ट आल्यावर बोलू, मुलगा म्हणाला कसला रिपोर्ट, तर त्याला ह्या धाग्याची लिंक पाठवली. अजून उत्तर नाही, वाचत असेल तर @गाठोडं पेक्षा हळू वाचतोय.

गाठोडं

हाहाहा. मंगळवारपासून तीन आठवडे म्हणजे माझी इकोची तारीख पण त्याच आठवड्यात. लिही इथे.